दोन रेषांतला सूर्य

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी अवकाश-हवामानाचा अंदाज वर्तवणारं केंद्र आहे. तिथल्या पडद्यांवर एक आलेख रात्रंदिवस पुढे सरकत असतो. आपल्यापैकी कुणालाही तो संगणकावर किंवा फोनवर बघता येतो. काळ आडवा, क्ष-किरणांची तीव्रता उभी, आणि त्या चौकटीतून धावणाऱ्या दोन रेषा : वर लाल, खाली निळी. भूस्थिर कक्षेतल्या ‘गोज’ मालिकेच्या उपग्रहांवरची क्ष-किरणमापकं या रेषा काढतात. लाल रेषा १ ते ८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या मऊ क्ष-किरणांची, निळी ०.५ ते ४ अँगस्ट्रॉमच्या जरा कडक किरणांची. मिनिटामिनिटाची सरासरी आणि तीन दिवसांचा पट. सूर्याचा गोल यात नाही, डाग नाहीत, कुठल्या बाजूला काय चाललंय तेही कळत नाही. अख्खा सूर्य एका आकड्यात आवळलेला. तरीही सूर्याविषयी माणसाने जे काही नोंदवून ठेवलंय, त्यात इतकं मितभाषी आणि इतकं अर्थगर्भ दुसरं काही मला माहीत नाही. हा आलेख ओझरता बघण्याचा नाही. थांबत थांबत वाचण्याचा आहे.

आधी उभा अक्ष बघावा. त्याची प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या दहापट, आणि उजव्या कडेला पायऱ्यांची नावं : ए, बी, सी, एम, एक्स. एक्सची पायरी जिथे सुरू होते तिथे तीव्रता असते दर चौरस मीटरला एका वॅटचा दहा-हजारावा भाग. एवढ्याच क्षेत्रफळावर सूर्याकडून पोचणारी एकूण ऊर्जा आहे सुमारे १३६१ वॅट. म्हणजे वर्तमानपत्रं जिचा मथळा करतात अशी सूर्यावरची ज्वाला या पायरीवर पोचते, तेव्हाही तिच्या क्ष-किरणांचा वाटा एकूण तेजाच्या कोटीव्या भागाहून कमी. उघड्या आकाशातल्या सूर्यात त्याने काही फरक पडत नाही. पण दिसणारा प्रकाश आहे साधारण साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागाचा. क्ष-किरण निघतात त्याच्यावरच्या प्रभामंडळातून, जिथे तापमान दहा-वीस लाख अंश असतं आणि ज्वालेच्या वेळी कोटी-दोन कोटींवर जातं. या तरंगलांबीत पृष्ठभाग जवळजवळ मुका आहे. त्यामुळे त्याचा सगळा लखलखाट आपोआप गळून पडतो आणि प्रभामंडळात काय घडतंय तेवढंच उरतं. या आलेखाचं पहिलं सौंदर्य या निवडीत आहे.

दुसरं सौंदर्य त्या दहापटीच्या पायऱ्यांत. साध्या मापावर हाच आलेख काढला, तर एका एक्स ज्वालेशेजारी सी वर्गाचं सगळं जग तळाशी सपाट झालं असतं. इथे सूर्याची कुजबुज आणि त्याचा आक्रोश एकाच पानावर वाचता येतात. सूर्याची सक्रियता चढते-उतरते त्या सौरचक्राच्या मंदीत लाल रेषा ए-बीच्या आसपास पडून राहते, तेजीत ती सीच्या खाली यायला तयार नसते. सरावलेला वाचक ज्वालांकडे वळण्याआधी हा तळ बघतो, कारण सूर्याची त्या महिन्यातली प्रकृती तिथे कळते. ‘ए’च्या खालीही मौन नसतं. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने चांद्रयान-२ वर एक छोटा क्ष-किरणमापक पाठवला होता. २०१९-२० च्या अत्यंत शांत काळात त्याने डागांपासून दूर, निवांत वाटणाऱ्या भागांत ए वर्गाहूनही लहान अशा ९८ ज्वाला टिपल्या. नेहमीच्या आलेखात ज्यांना जागाच नाही असे हे स्वर आहेत.

आता एक ज्वाला घेऊ. रेषा तळाशी चालली आहे आणि एकाएकी वर वळते. चढण जवळजवळ उभी असते, उतरण लांब. कारण असं : पिळवटलेली चुंबकीय क्षेत्ररेषांची गुंतागुंत तुटते, नव्याने जुळते, आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. वेगवान इलेक्ट्रॉन खाली पृष्ठभागालगतच्या वर्णमंडळावर आदळतात, तिथला वायू तापून वर उसळतो आणि चुंबकीय कमानी त्या धगधगत्या द्रव्याने भरू लागतात. लाल रेषा दाखवते ते हे भरणं. वर्नर न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये यातला एक सुरेख संबंध दाखवून दिला. मऊ क्ष-किरणांची रेषा ज्या वेगाने चढते, तो वेग इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याशी जुळतो. म्हणजे रेषेचा चढ जिथे सर्वांत उभा, तिथे मारा सर्वांत तीव्र. शिखरावर पोचेपर्यंत तो बहुतेक ओसरलेला असतो. बातमी शिखराची होते, पण मूळ घटना शिखराआधीच्या चढावर घडून गेलेली असते.

निळी रेषा याच ठिकाणी बोलू लागते. एरवी ती लालच्या पुष्कळ खाली असते. ज्वाला पेटली की ती लालच्या दिशेने झेपावते, आणि नीट पाहिलं तर तिचं शिखर लालच्या थोडं आधी येतं. कडक किरण अधिक तप्त द्रव्यातून येतात. द्रव्याचं तापमान आधी कळसाला पोचतं, द्रव्याचं प्रमाण नंतर. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे तापमापक. ते अंतर आक्रसलं की कमानींतलं द्रव्य किती तापलंय ते गणिताने काढता येतं. दोनच रेषा, पण एकमेकींशी त्यांचं नातं मिनिटागणिक बदलत राहतं. हा आलेख एका रेषेचा असता, तर त्यावर मी इतकं लिहिलं नसतं.

माझ्या मते मात्र या आलेखाचा खरा गाभा उतरणीत आहे. देवळातल्या घंटेचा टोला क्षणाचा असतो, घुमणं लांबतं. ज्वालेचंही तसंच दिसतं, पण इथल्या घुमण्यात नवे टोले मिसळत राहतात. साध्या थंड होण्याला जेवढा वेळ लागावा, त्याहून कितीतरी जास्त वेळ काही ज्वाला तेवत राहतात. म्हणजे वर, अधिक उंचीवर, क्षेत्ररेषा अजूनही तुटून जुळत आहेत आणि नव्या कमानी पेटत आहेत. असं सहसा केव्हा होतं? वरून काहीतरी निसटून गेलेलं असतं तेव्हा. अब्जावधी टन द्रव्य आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन अवकाशात निघालेलं असतं आणि त्याच्या मागे उघड्या पडलेल्या रेषा हळूहळू मिटत असतात. रेषेची उतरण लांबली की अंदाजकार सावध होतो तो यासाठी. क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात. द्रव्याच्या मेघाला एक ते तीन दिवस लागतात, आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला हादरवतो तो हा मेघ.

दोन ज्वाला शेजारी ठेवून पाहाव्यात. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स६.३ ही त्या चक्रातली तोवरची सर्वांत मोठी ज्वाला होती. रेषा सरळ वर गेली आणि तशीच झटकन खाली आली, तासाभराच्या आत सगळं संपलं. सांगण्याजोगं द्रव्य बाहेर पडलंच नाही. दुसरी ज्वाला १५ मार्च २०१५ ची, सी९.१. तिला एम वर्गसुद्धा गाठता आला नव्हता. शिखरापर्यंत चढायलाच तिला जवळजवळ तास लागला, उतरायला आणखी तासाहून जास्त. उंचीवर भाळणाऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नसतं. तिच्यासोबत निघालेला मेघ १७ मार्चला पृथ्वीवर आदळला आणि त्या सौरचक्रातलं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ झालं. वादळांच्या पाच पायऱ्यांच्या वेगळ्या मापावर अंदाज पहिल्या पायरीचा होता, वादळ चौथ्या पायरीवर गेलं. मेघातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणती असेल हे इतक्या दुरून सांगता येत नाही, आणि वादळाची तीव्रता तर त्या दिशेवरच ठरते. तरीही एवढ्या बुटक्या ज्वालेची ती रेंगाळणारी चाल मला आलेखातली फार मोठी जागा वाटते. उत्तम गायक एखादी साधी जागा अशी घेतो की ऐकणाऱ्याला तिचं मोल मैफल संपल्यावर उमगतं.

पण उतरणीवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये २१९२ क्रमांकाचा डागसमूह पृथ्वीसमोरून गेला. १९९० नंतरचा तो सर्वांत मोठा. त्याने एक्स वर्गाच्या सहा ज्वाला पेटवल्या, त्यातली २४ ऑक्टोबरची एक्स३.१ बरीच रेंगाळलीही. आणि द्रव्याचा मेघ? निघाला नाही. डागसमूहावरचं चुंबकीय छत इतकं भक्कम होतं की आत स्फोट होत राहिले आणि बाहेर काही सुटलं नाही. आलेखाने इथे वाचकाला चकवलं. त्याच्यावर फक्त बेरीज असते, आकार नसतो. आकारासाठी चित्र हवं.

क्ष-किरणांचं चित्र काढणं ही स्वतंत्र विद्या आहे. साध्या आरशावर समोरून पडलेला क्ष-किरण परततच नाही. तो अगदी तिरका, पृष्ठभागाला चाटून गेला तरच वळतो. हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये अशा तिरक्या आरशांची रचना सूक्ष्मदर्शकासाठी मांडली होती. रिकार्डो जियाकोनी यांनी ती दुर्बिणीसाठी वापरली, आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरून क्ष-किरणांतला सूर्य महिनोन्महिने टिपला गेला. अंतराळवीर ती फिल्म स्वतः परत घेऊन येत. त्या चित्रांत प्रभामंडळातली काळी विवरं ठसठशीत दिसली आणि सूर्याच्या दर फेरीला, सत्तावीस दिवसांनी, पृथ्वीवर परतणाऱ्या छोट्या वादळांचं मूळ सापडलं.

माझ्या मनात मात्र योहको या जपानी उपग्रहाची चित्रं घर करून आहेत. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तो गेला आणि दहा वर्षं सूर्य बघत राहिला. या चित्रांत सूर्याचा गोल काळा असतो. त्याच्यावर तेजस्वी कमानींचे गुच्छ, कडेला बाहेर झेपावलेले पंख. १९९१ ते १९९५ या काळातली चित्रं एका ओळीत मांडलेला एक संच प्रसिद्ध आहे. पहिला सूर्य गजबजलेला, मग एकेक गुच्छ मावळत जातो, शेवटचा जवळजवळ विझलेला. डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यात त्या वर्षांत हजारात एक भागाचा फरक पडला असेल. क्ष-किरणांतला सूर्य मात्र शंभरपटीच्या घरात मंदावला. २१ फेब्रुवारी १९९२ ची एक ज्वालाही त्याने टिपली : कमानीच्या माथ्यावर टोकदार शिखर, उलट्या हृदयासारखं. क्षेत्ररेषा नेमक्या कुठे तुटून जुळतात त्याचा अंदाज वर्षानुवर्षं कागदावर काढला जात होता. तो आकार तिथे प्रत्यक्ष उमटला होता.

अंदाजकारांसाठी योहकोची मोठी देणगी म्हणजे ‘एस’ आकाराची वळणं. काही डागसमूहांवरच्या कमानी इंग्रजी एससारख्या पिळलेल्या दिसतात. दक्षिण गोलार्धात बहुधा सरळ एस, उत्तरेत बहुधा उलटा. कॅनफिल्ड, हडसन आणि मॅकेंझी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अशी वळणं असलेले भाग उद्रेकाला अधिक प्रवृत्त असतात. क्षेत्ररेषांना पडलेला पीळ तिथे डोळ्यांना दिसतो, आणि पीळ म्हणजे साठलेली ऊर्जा. आलेख ज्वाला पेटल्यावर बोलतो, चित्र पेटण्याआधी. म्हणून २००१ मध्ये गोज-१२ वर अंदाजाच्या रोजच्या कामासाठी क्ष-किरण कॅमेरा चढवला गेला. गोज-१६ पासून त्याची जागा टोकाच्या अतिनील किरणांत चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली. ही चित्रं अधिक रेखीव आहेत, कामालाही अधिक येतात. पण धगीचा जो थेट प्रत्यय क्ष-किरणांच्या चित्रात मिळतो तो त्यांत मला मिळत नाही. जपानच्याच हिनोदे उपग्रहाने २००६ पासून ती परंपरा चालू ठेवली याचा म्हणूनच फार आनंद वाटतो.

आता या आलेखातली सर्वांत विलक्षण जागा. ४ नोव्हेंबर २००३. लाल रेषा एक्स ओलांडून, एक्स१० ओलांडून वर गेली आणि एक्स१७ च्या जरा वर एकाएकी सपाट झाली. जवळजवळ अकरा मिनिटं ती आडवी चालली, मग खाली उतरली. सूर्य थांबला नव्हता, उपकरणाची मोजण्याची कुवत संपली होती. शिखराच्या जागी पठार उरलं. दोन बाजूंच्या चढ-उतारांवरून अंदाजकारांनी शिखर एक्स२८ ठरवलं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या थॉमसन, रॉजर आणि डाउडेन यांनी वेगळी वाट धरली. प्रशांत महासागराच्या पलीकडून येणारे अतिदीर्घ तरंगलांबीचे रेडिओसंदेश ते नोंदवत होते. क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांत शिरले की आयनांबराचा तळ खाली सरकतो आणि या संदेशांची कला बदलते. ते सरकणं त्या पठारावरही चालूच होतं. पृथ्वीच्या हवेची कुवत काही संपली नव्हती. त्यावरून त्यांचं उत्तर आलं, एक्स४५ च्या आसपास. पुढे कळलं की गोज-१५ पर्यंतच्या उपग्रहांच्या आकड्यांना एक जुना गुणक लावलेला होता आणि तो काढल्यावर सगळ्या ज्वाला सुमारे १.४ पटींनी मोठ्या होतात. एकाच शिखराचे इतके पाठभेद! जुन्या पोथीच्या संपादकाला असतो तेवढा विवेक इथेही लागतो.

पृथ्वीच्या हवेने क्ष-किरण नोंदवल्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांवर पांढरा लखलखाट पाहिला, त्याच सुमाराला लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतल्या छायाचित्रण करणाऱ्या चुंबकमापकावर एक लहानसा बाक उमटला. क्ष-किरणांनी आयनांबरातला विद्युतप्रवाह वाढवला होता, त्याची ती खूण. रॉंटगेनला क्ष-किरण सापडायला अजून छत्तीस वर्षं होती. साडेसतरा तासांनी मेघ पोचला, आणि तो क्षण सर्वांत ठळक टिपला गेला मुंबईत. कुलाब्याच्या वेधशाळेतले निरीक्षक चुंबकसूचीची वाचनं डोळ्यांनी घेऊन वहीत लिहीत होते. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या वादळाची तीव्रता ठरवताना अभ्यासक कुलाब्याच्या त्या वहीकडे वळतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवलं गेलं, आणि दिवसा पेटलेल्या मोठ्या ज्वालेचा तसाच छोटा बाक अलिबागच्या नोंदीतही येतो. क्यूचा बाक आणि बोल्डरची लाल रेषा या माझ्या दृष्टीने एकाच संहितेच्या दोन प्रती आहेत.

या आलेखाकडून जे मिळत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. तो ज्वालेची पूर्वसूचना देत नाही. रेषा वर वळलेली दिसते तेव्हा ते किरण पोचलेलेच असतात, आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूवरचा लघुलहरी रेडिओ त्याच मिनिटाला दबू लागलेला असतो. ६ सप्टेंबर २०१७ ला एक्स९.३ ची ज्वाला पेटली, तेव्हा कॅरिबियन समुद्रात इर्मा चक्रीवादळ बेटं उद्ध्वस्त करत होतं. खांब पडलेले, तारा तुटलेल्या. अशा वेळी ज्या रेडिओवर बचावकार्याची सगळी मदार होती, नेमका तोच बंद पडला. आलेखाने तिथे कुणाला वाचवलं नाही. रेडिओ का बंद पडला आणि साधारण किती वेळ बंद राहील, एवढं त्याने सांगितलं. संकटातल्या माणसाला तेवढं कळणंही कमी मोलाचं नसतं.

आता आपल्याकडेही अशी रेषा निघते. आदित्य-एल१ हे यान सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. गोजच्या उपग्रहांना वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, रोज मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीतून जावं लागतं आणि तेवढा वेळ त्यांचा सूर्य मावळतो. एल१ वर सावली नाही. तिथे बंगळुरूत बांधलेले सोलेक्स आणि हेलिओस हे मापक अनुक्रमे मऊ आणि कडक क्ष-किरण मोजतात. सोलेक्सला दोन डोळे दिले आहेत. एकाची खिडकी मोठी, बारीक ज्वालांसाठी. दुसऱ्याची अगदी लहान, प्रचंड ज्वालेतही न दिपणारी. २००३ च्या त्या पठाराला दिलेलं हे उत्तर मला मनापासून आवडतं. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवलेली सूट ही अतिनील दुर्बीणही त्याच यानावर आहे. वर सांगितलेली फेब्रुवारी २०२४ ची एक्स६.३ ज्वाला सूटच्या चित्रांत आली. आलेखावर जी नुसती सुळकी होती, ती नेमकी कुठे पेटली ते त्या चित्रांत दिसलं.

मे २०२४ चा आलेख आता या सगळ्यासह वाचता येतो. ८ तारखेपासून लाल रेषेला उसंत नाही. १३६६४ क्रमांकाचा डागसमूह समोर आहे, एका ज्वालेची उतरण पुरी व्हायच्या आत दुसरी चढू लागते. पहिल्या दोन दिवसांतली शिखरं तशी बेताची : एक्स१.०, पुन्हा एक्स१.०, एक्स२.२, एक्स१.१. मात्र मेघांमागून मेघ निघत होते, आणि नंतरचे वेगवान मेघ आधीच्यांना गाठत होते. ९ मे रोजी बोल्डरहून चौथ्या पायरीच्या वादळाचा इशारा निघाला, २००५ नंतर पहिल्यांदाच. १० मेच्या रात्री वादळ पाचव्या पायरीवर गेलं. लडाखमध्ये हान्ले इथल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेकडचं आकाश तांबडं झालेलं टिपलं. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या दिशादर्शनावर चालणारे ट्रॅक्टर शेतात थबकले. आणि ११ मेच्या पहाटे, वादळ भरात असताना, लाल रेषा पुन्हा उसळली, एक्स५.८ पर्यंत. पृथ्वी दोन दिवसांपूर्वीच्या ज्वालांचा मार सोसत होती, आलेख त्या क्षणाची ज्वाला लिहीत होता. दोन्ही काळ एकाच मिनिटात वाचावे लागत होते. त्या पंधरवड्यातलं सर्वांत उंच शिखर, एक्स८.७, आलं १४ मे रोजी. तोवर डागसमूह फिरत फिरत सूर्याच्या पश्चिम कडेवर पोचला होता, आणि त्या ज्वालेचं द्रव्य पृथ्वीची वाट सोडून निघून गेलं.